दोन वाजताचा आकडा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगत आले — शाहीनने मला दगा दिला. आम्ही दोघी नांदेडला एकाच सरांकडे पीएच.डी. करत होतो. मी निलंग्याकडची, शेतकऱ्याची. ती नांदेडचीच, तिच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान. आमचं काम माशांच्या अंड्यांवर. काचेसारखं आरपार अंडं, सकाळी आठला घातलेलं. वरच्या टोकाला पेशींचा ढीग असतो. तो पसरत पसरत खाली सरकतो, सगळा बलक झाकतो आणि संध्याकाळी तळाशी तोंड मिटतं. एका बाजूला पेशी गोळा होतात, तिथे माशाची पाठ तयार होते. त्यांना कोण सांगतं, इकडे सरका म्हणून? मला अजून नवल वाटतं. शाहीन म्हणायची, "पिशवीची नाडी ओढल्यावानी हाय गं." तेव्हापासून आम्ही एकमेकींना तेच विचारायचो — नाडी ओढली का?

सोयाबीनवर फवारायचं औषध पाण्यात उतरलं तर या अंड्यांचं काय होतं, हे आम्ही बघत होतो. थर्माकोलच्या दोन पेट्या. एकीत साध्या पाण्यातली अंडी, दुसरीत औषधाच्या पाण्यातली. उबेला एकेक बल्ब. आत अठ्ठावीस अंश हवं. गार झालं की पेशींची चाल मंदावते. दर दोन तासांनी तापमान वहीत लिहायचं. ते काम माझं.

त्या हिवाळ्यात एका परिषदेत हे काम मांडायचं होतं, आणि यादीत एकट्या शाहीनचं नाव लागलं. दोघींनी मिळून मांडायचं ठरलं होतं, तिने स्वतःचंच नाव पाठवलं. तिला आठवडाभर माहीत होतं — आणि रोज माझ्या डब्यातली भाकरी खात होती. असं कोणी करतं का?

दुसऱ्या दिवशी — मनात हे सांगताना मी नेहमी इथेच थांबते. दुसऱ्या दिवशी बाराचा आकडा घ्यायला मी गेलेच नाही. रुसून कॅन्टीनमध्ये बसले होते. दोनला आले, तर औषधाच्या पेटीतला बल्ब उडालेला. थर्मामीटर बघितला. बल्ब बदलला. आणि वहीत बाराच्या आणि दोनच्या, दोन्ही रकान्यांत अठ्ठावीस लिहिलं. सर बोलतील ही भीती होती. तेवढंच असतं तर —

चारला शाहीनने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. साध्या पाण्यातल्या अंड्यांचा बलक झाकत आला होता, औषधातल्यांच्या पेशी अर्ध्यावरच. "सुरेखा, बघ गं. औषधानं पेशी थांबल्या." आनंदात तिने लगेच फोटो काढले. तेव्हा बोलायला हवं होतं ना? खरं सांगू — मला बरं वाटलं. जाऊ दे तिला एकटीला, हेच घेऊन.

ती तेच फोटो घेऊन गेली. परत आल्यावर सरांनी प्रयोग पुन्हा करवला. तीन वेळा. तिन्ही वेळा दोन्ही पेट्यांत नाडी वेळेवर ओढली गेली. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ते फोटो नेमके कसे काढलेस? शाहीन रडली नाही. तिने वही पुढे केली. "सर, ही वही सुरेखानं लिव्हलीय. ती खोटं लिव्हणार न्हाई."

सर माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "हाव सर. अठ्ठावीसच होतं."

म्हणजे फोटोच खोटे, असं ठरलं. तिने पीएच.डी. सोडली. आता मुरुडला सासरी असते, आठवी-नववीच्या शिकवण्या घेते. मी लातूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिने माझं नाव वगळलं ते वगळलंच. त्याचा राग गेलेला नाही. पण दगा म्हणून लोकांना मी फक्त तिचाच सांगितला.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मुलांना दाखवायला माशाची अंडी हवी होती. "किती अंशात ठेवायची ते तूच चिठ्ठीवर लिहून दे," म्हणाली. "तुझा आकडा लई पक्का असतो."

मी लिहून दिलं. अठ्ठावीस.

त्या दिवशी दोन वाजता पेटीत बावीस होतं.