शेवळं, दाण्याचं कूट आणि माझं लग्न

बाबा रिटायर झाले आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात तण शिजायला लागलं. कुणीतरी त्यांना रानभाज्यांचे व्हिडिओ पाठवले, झालं. सोसायटीच्या बागेतली घोळ, बाजूच्या रिकाम्या प्लॉटवरचा टाकळा, कुंपणालगतचा काटेमाठ, सगळं पिशवीत. माळी यायच्या आधी हे वाफ्यात वाकलेले. आई वैतागून म्हणायची, "एक दिवस माझा मनीप्लांट फोडणीला घालाल." मी आईच्या बाजूने. कारण आज डब्यात कुठला पाला आहे, हे ऑफिसात रोज मलाच समजावून सांगायला लागायचं.

त्यातच माझ्या लग्नाची बोलणी निघाली. मुलगा मीच पसंत केलेला, तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता त्याच्या काकांचा. ठाण्याला नौपाड्यात राहणारे, त्या घरातले सगळ्यात मोठे, आणि त्यांना हवा होता हॉल, बँड, पंगती. आम्हा दोघांना रजिस्टर लग्न करायचं होतं. बाबाही तसेच तापट. ही दोन माणसं समोरासमोर आली की हॉलवरून जुंपणार आणि माझं लग्न राहणार बाजूला, या काळजीने मला जेवण जाईना.

रविवारी पाहुणे जेवायला यायचे होते. बाबा सकाळीच मोहने गावातल्या मित्राकडे गेले आणि तिथल्या माळावर फिरून शेवळं घेऊन आले. कोवळे, जांभळट कोंब. "ठाण्याची माणसं यावर जीव टाकतात," म्हणाले, "बघ काका कसे विरघळतात." मित्राच्या बायकोने सोबत मूठभर काकडं दिलेली. छोटी, हिरवी, आंबटढाण फळं, आणि ती घालावीच लागतात असं बजावलेलं. पण आम्ही पडलो साताऱ्याकडचे. पाहुण्यांना एवढं आंबट कशाला, म्हणून बाबांनी काकडं बाजूला सारली आणि वाटीभर दाण्याचं कूट घातलं. आमच्याकडे चहा सोडून सगळ्यात कूट पडतं.

पानं वाढली. बाबा डाव घेऊन काकांच्या बाजूला उभे. काकांनी पहिला घास घेतला, थांबले, बाबांकडे बघितलं.

"छान," म्हणाले. "अजून वाढा."

मग मी घास घेतला आणि घशात काथ्या घासल्यासारखं झालं. समोर होणाऱ्या सासूबाईंचे डोळे भरून आलेले, पण चेहरा हसरा. होणारा नवरा पाण्यावर पाणी पीत होता. आई खाकरत विचारत होती, "मीठ बरोबर आहे ना?" घशाला खाज सुटलीय असं एकजण बोलेल तर शपथ. पहिल्याच भेटीत कोण बोलणार? शेवटी बाबा जेवायला बसले, एक घास खाल्ला आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

आईने खाजेवर उतारा म्हणून चिंचेचा गोळा आणून मध्ये ठेवला. बोलणी करायला जमलेली दोन घरं चिंच चोखत बसली. हीच वेळ आहे म्हटलं आणि मी घोगऱ्या आवाजात सांगून टाकलं, "आम्हाला रजिस्टर लग्न करायचंय." काकांनी तोंड उघडलं, खोकले, आणि नुसती मान डोलावली. ठरलं लग्न.

काकांचा घसा धरला म्हणून माझं काम झालं, हे मी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना रंगवून सांगायचे. गेल्या वर्षी नौपाड्याला शेवळं साफ करताना खुद्द काकांनाच सांगितलं.

"अगं, जन्म गेला शेवळं खाण्यात," ते म्हणाले. "काकडं नाहीत हे पहिल्या घासालाच कळलं."

"मग परत का मागून घेतलीत?"

"तुझा बाप डाव घेऊन उभा होता. पोरीचं भलं व्हावं म्हणून सकाळपासून माळ तुडवून आलेला माणूस. त्याच्याशी काय हॉलवरून भांडायचं?" काकांनी काकडं माझ्यापुढे सरकवली. "आणि बोलता येत होतं मला."

माझा घसा परत दाटून आला, आणि या वेळी शेवळं अजून कच्चीच होती. भाजी झाल्यावर काकांनी स्वतःच्या हाताने बाबांसाठी डबा भरला. तो घेऊन मी संध्याकाळी डोंबिवलीला गेले. बाबांनी झाकण उघडलं, चव घेतली, विचार केला.

"छान आहे," म्हणाले. "कूट कमी पडलंय."