तीन पिढ्यांनी ओलांडलेला पूल

हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... दोन महिन्यांपूर्वी मीही हसलो असतो. मी सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकल टेक्निशियन आहे. करंट गेला म्हणजे वायर कुठेतरी तुटली असणार, एवढीच माझी अक्कल.

आम्ही मूळ अकोल्याचे, राहतो बहारीनमध्ये, ईसा टाउनला. माझी मुलगी प्रज्ञा जपानमध्ये इंजिनिअर आहे. नातीने इतक्या लांब जाऊ नये म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, हटून बसले होते. ती गेलीच. तेव्हापासून दोन वर्षं आबा तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि मी आपला दोघांच्या मध्ये पिचत होतो.

तिच्या कंपनीने तिकडे नदीवर पूल बांधला — दोन प्रांत जोडणारा. नव्या पुलावरून आधी एकाच घरातल्या तीन पिढ्या चालतात म्हणे, तशी रीत आहे. उद्घाटनानंतर स्टाफच्या घरचेही चालणार होते. ही मात्र एकटी. शुक्रवारी सकाळी नऊला, तिकडच्या दुपारी तीनला, तिचा फोन आला. "बाबा, आय ॲम स्टार्टिंग. तुम्ही पण घरात चाला ना. अँड... आबांना विचारा, प्लीज."

फोन स्पीकरवर टाकून मी हॉलमध्ये चालू लागलो. आबांना विचारायची हिंमत होईना. पण ते आपणहून वॉकर धरून उठले... टक, टक. मिनिटभरात कॉल कट झाला. परत लावला, लागेना. "आबा, खलास, फोन गेला," मी म्हणालो. ते थांबले नाहीत. बाल्कनीच्या दाराशी पोचले आणि हळूच म्हणाले, "माह्यं चुकलं, बाई. मी तुले अडवाले नाही पाह्यजे होतं."

दोन वर्षांनी बोलले, तेही बंद फोनसमोर. मला फार वाईट वाटलं.

अर्ध्या तासाने प्रज्ञाचा फोन आला. रडत होती. "आबा वॉक्ड विथ मी, बाबा! इयरफोनमध्ये वॉकर ऐकू येत होता, टिल द एंड." कॉल सुरुवातीलाच तुटला होता, असं मी सांगितलं. तिला पटेना. मग तिने आबांचं वाक्य म्हणून दाखवलं — शब्दन्‌शब्द, वऱ्हाडीत. इंग्लिशशिवाय जिचं पान हलत नाही, तिने!

दोन्ही फोनवर तो कॉल एक मिनिट चार सेकंदांचाच दिसतो. मी सगळं तपासून पाहिलं, चार जाणकारांना विचारलं. उत्तर आजही नाही.

आबांना मात्र काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "तिनं आयकलं ना? मंग झालं," एवढंच म्हणाले आणि हात पुढे केला. "आता आन तो फोन इकडं. जेवली का नाही, इचारतो तिले."