मधला थांबला की

दारावर थाप पडली की स्वामी मॅडम आतून एवढंच म्हणायच्या, "तिथूनच बोल." प्राचार्य असोत की पाणी आणणारा, दार उघडत नसे. अंबाजोगाईतल्या त्यांच्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, आत एक मिणमिणता हिरवा दिवा. पालकाच्या पानांतून काढलेलं प्रथिन मॅडम सोन्याचा पातळ थर दिलेल्या काचेवर बसवत. बाहेरचा उजेड शिरला की दिवसाची मेहनत वाया. गावात त्यांना 'पालकाचं सोनं करणारी बाई' म्हणत.

मी नेकनूरचा, आठवीतून शाळा सुटलेला. आईबाप दरसाल ऊसतोडीला जात; माझ्याही हातात कोयता येणारच होता. मॅडमनी मला पानं धुवायला, वाटायला आणि दार राखायला ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी कॉलेजच्या पोरांसमोर म्हणाल्या, "ह्याला आठवीपुरतंच डोकं हाय, म्हणून हा मधी बोलणार न्हाई. तुमच्यापेक्षा बरा." पोरं हसली, मीही हसलो. काम जाईल या धास्तीनं मी तेव्हा सगळ्यालाच हसत असे.

पण समजावून सांगितलं तेही त्यांनीच. पानातले हिरवे कण उजेड एकमेकांकडे देत जातात, उसाची मोळी हातोहात ट्रॉलीवर चढवावी तसा. शेवटी सोन्यापाशी पोचला की त्याची वीज होते. "तुझी माय सांगंल तुला," म्हणाल्या, "मधला थांबला की मोळी कुठं जाते."

त्याच हिवाळ्यात माय डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना पडली. माझा फोन कामाच्या वेळी मॅडमच्या कपाटात असायचा. मुकादमाचा फोन सकाळीच आला, त्यांनीच घेतला. मी बर्फावर ठेवलेली पानं वाटत होतो. मला संध्याकाळी सांगितलं. दारात गाडी उभी होती, सोबत भाकरी बांधलेली. मी पोचलो तेव्हा माय गेली होती. दुपारपर्यंत माझंच नाव घेत होती, असं बाप म्हणाला.

तेरावं झाल्यावर मी परत त्याच दाराशी येऊन बसलो. दुसरं दार नव्हतं.

मॅडमची आई गावातच राहायची. कपिलधारचा प्रसाद घेऊन यायची, माझ्या हातावर ठेवायची आणि बंद दाराकडे बघून विचारायची, "जित्ती हाय नव्हं?"

उन्हाळ्यात एका दुपारी तिचा शेजारी धापा टाकत आला. म्हातारीला सरकारी दवाखान्यात नेलंय, लेकीला घेऊन चल म्हणाला. आत त्या दिवशी पहिल्यांदाच काचेतून वीज मिळत होती, तिचं माप घेणं चाललं होतं. तीन वर्षं मॅडम त्यासाठी झुरत होत्या. गप्प बसल्यानं काय जातं ते मला माहीत होतं. मी थाप मारली.

"तिथूनच बोल."

मी बोललो. आतून आवाज आला, "माप संपू दे. दार उघडू नको."

ऊन कलल्यावर त्या बाहेर आल्या. शेजारी पुन्हा येऊन पायरीवर मान खाली घालून बसला होता. त्याला बघूनच त्यांना कळलं. माप बरोबर निघालं होतं.

आज मी बंगळुरात अशाच एका अंधाऱ्या खोलीच्या दाराशी कामाला आहे. इथं लावून दिलं त्यांनीच. फोनवर इथल्या साहेबांना म्हणाल्या, "दार राखतो. बाकी काही येत न्हाई." उसाला मी कधी कोयता लावला नाही, हे त्यांचे उपकार. गेल्या वर्षी त्या वारल्याचं कळलं, तेव्हा मला त्यांचं विज्ञान आठवलं नाही. आठवली ती पायरी. दवाखान्याकडे निघताना चप्पल पायात सरकवत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या होत्या,

"तुझ्या येळी मी तुला दिवसभर सांगितलं न्हाई. तू मला कशापायी सांगितलंस?"