राग आधी चपलेत येतो

"मावशी, तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही," मोबाइलमधून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला केअरगिव्हर बर्नआउट झालाय." म्हंजे दुसऱ्याला सांभाळता सांभाळता आपलंच सरपण संपणं. छातीतल्या धडधडीला असं नाव असतं, याचंच मला नवल!

हिंगोलीजवळच्या वृद्धाश्रमात मी डिमेन्शियाची, म्हंजे विसरण्याच्या आजाराची, माणसं सांभाळते. त्यातल्या एक कोंडाबाई. जन्म हळदीच्या शेतात गेला. दिवसातून वीसदा विचारणार, "हळद शिजली का गं?" आमी खरं सांगायचो, "इथं कुठली हळद, आजी?" की त्या स्वयंपाकघराकडं निघायच्याच.

एका दुपारी त्यांना अडवताना मी रागानं त्यांचं मनगट असं आवळलं, की बांगडी रुतून वळ उठला.

तवापासून माझी झोप गेली, धडधड सुरू झाली. ईसीजी, म्हंजे हृदयाची चाल कागदावर, काढला. चाल बराबर निघाली. पण परत हात आवळला गेला तर? काम सोडावं काय?

"आधी कुणाशी बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

काय सांगू? सेवा करताना थकले म्हणणं आमच्याकडं पाप.

वळाचंही सांगून टाकलं, तरी बाई रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, "राग येण्याआधी अंगात कुठं, काय होतं ते बघा. बुधवारी सांगा."

मग काय, आठवडाभर मी माझ्याच रागाच्या मागावर! दातांत शोधला, कानांत शोधला. सापडला कुठं, तर चपलेत. आधी पायाची बोटं चप्पल आवळतात, हाताची पाळी नंतर.

बुधवारी बाई म्हणाल्या, "बोटं आवळली की तिथून बाजूला व्हा. दुसरीला बोलवा. दहा श्वास सावकाश सोडा."

सोबतची सुशीला चिडवते, "मावशी, चप्पल काय म्हणून राहिली?"

"आवळून राहिली, ये लवकर!"

धडधड अजून कधीमधी येते. तुमच्याही घरी असं माणूस असंल, तर थकले म्हणून सांगा बाई. पाप लागत न्हाई.

काल कोंडाबाईंनी विचारलं, "शिजली का गं?"

माझी बोटं ढिली होती. म्हटलं, "आजी, शिजली हे कळतं कसं?"

"एवढंबी येत न्हाई तुला? काडी टोचायची. आरपार गेली की शिजली. चल, दाखवते."

त्यांनी हात पुढं केला, मी आवळलेला तोच. वळ कवाच गेलाय, त्यांना आठवतही न्हाई. मला आठवतो, म्हणून मी तो हात अलगद धरला.