हो समोर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, भूत-बित, आत्मा-बित्मा या भानगडीत मी कधी पडलो नाही. माझं कामच तसं आहे. अपघात झालेल्या गाड्या तपासायच्या आणि विमा कंपनीला कळवायचं की ठोकर खरंच लागली की मालकानेच भिंतीवर घातली. वीस-पंचवीस वर्षं लोकांच्या कहाण्या ऐकून मी इतका संशयी झालोय की बायको म्हणते, तुमच्यासमोर देव उभा राहिला तर तुम्ही त्याचं लायसन्स मागाल.

हे वाचून तुम्ही संशय घेतलात तर मला राग येणार नाही. मीही घेतला होता... अजूनही घेतो.

आम्ही तिघं मित्र. मी, लकडगंजमध्ये लाकडाचं दुकान असलेला नितीन, आणि विलास. विलासचं हिंगणा रोडवर मोटारसायकलींचं गॅरेज आहे. एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की कामगारांच्या गाड्यांची रांग लागते त्याच्याकडे. आम्हा तिघांना कॉलेजपासून एकच वेड, मोटारसायकलच्या शर्यती. रविवारी विलासच्या घरी टीव्हीसमोर बसायचं, आणि तो मात्र उभा! त्याच्या आवडीचा रायडर मागे पडला की हा टीव्हीला हात जोडून ओरडायचा, "हो समोर! अबे हो ना समोर!"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या नागपूरकडे 'पुढे' हा शब्द फारसा चालत नाही. आम्ही 'समोर' जातो. दोन गाड्या निघाल्या आणि एकाला पेट्रोल भरायचं असलं की तो दुसऱ्याला म्हणतो, "तू हो समोर, मी येऊन राहिलो." आता 'येऊन राहिलो', म्हणजे 'येतोय', म्हणणारा माणूस अजून अंघोळीलाही गेलेला नसू शकतो, ती गोष्ट वेगळी.

तर, एकदा तरी शर्यत प्रत्यक्ष पाहायची असं आमचं फार वर्षांपासून चाललं होतं. शेवटी गेल्या वर्षी ठरलं. मलेशिया. क्वालालंपूरच्या बाहेर मोठा ट्रॅक आहे, तिथे शुक्रवार ते रविवार. तिकिटं, विमान, हॉटेल सगळं विलासने शोधलं. पासपोर्टसुद्धा त्याने पहिल्यांदाच काढला. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवून झाला.

आणि निघायच्या आठवड्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, विमानाचं नाव काढू नका. आम्ही म्हटलं, आम्हीही जात नाही. तर हा आमच्यावरच उखडला. "तुम्ही नाही गेले तर मी ऑपरेशनच करून नाही घेत. पाहा मंग!" त्याची बायको, सुनंदावहिनी, हळूच म्हणाल्या, "जा तुम्ही भावजी. नाहीतर हे ऐकणार नाहीत." ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं, तोवर आम्ही परत येणार होतो. म्हणून गेलो.

ट्रॅकवर आमच्या तीन सीटा सलग. मी, नितीन, आणि नितीनच्या पलीकडे विलासची रिकामी. तिच्या पलीकडे एक चिनी वंशाचं मलेशियन जोडपं, साठीच्या आसपासचं. बाई फार गोड. डोक्यावर नारिंगी टोपी, हातात बॅटरीचा पंखा. लिम आंटी म्हणा, तिने तसंच सांगितलं. नितीनने तिला संत्रा बर्फी दिली, तिने आम्हाला केळीच्या पानात बांधलेला भात दिला, झाली दोस्ती. शुक्रवार फार मजेत गेला. त्या गाड्या समोरून जातात ना, तेव्हा आवाज कानात शिरत नाही, बरगड्यांत शिरतो. नितीन म्हणाला, "विल्या असता तर आवाजावरून सांगतलं असतं त्यानं, कोणाची चेन ढिली हाय."

शनिवारी रात्री वहिनींचा फोन आला. विलासचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टर थांबायला तयार नव्हते, रविवारी सकाळीच ऑपरेशन. आम्ही तिकीट बदलायला बसलो. तेवढ्यात विलासनेच फोन घेतला. आवाज खोल गेला होता.

"येऊ नका बे. इतक्यात पोहोचणार हाय का तुम्ही? शर्यत पाहा उद्या."

"कशी पाहायची गा?" नितीन म्हणाला.

"डोळ्यानं पाहायची. तुम्ही व्हा समोर... मी येऊन राहिलो."

आणि हसला. आम्ही हसू शकलो नाही.

रविवारी आम्ही ट्रॅकवर गेलो खरे, पण लक्ष सगळं नागपूरकडे. वहिनींचा मेसेज आला, आत नेलं. तिथे मुख्य शर्यतीच्या आधी छोट्या गाड्यांची शर्यत असते. विलासचं म्हणणं, खरी शर्यत तीच. तिथे सगळ्यांची इंजिनं सारखी, चालवणाऱ्याची हिंमत दिसते. आम्हाला तिच्यात फारसा रस नव्हता आणि मन तर अजिबातच नव्हतं. म्हटलं, चल, काहीतरी खाऊन घेऊ. तिन्ही सीटा सोडून आम्ही खाली स्टॉलवर गेलो. तिथे खाणं राहिलं बाजूला, फोनकडे पाहत उभे राहिलो.

परत आलो तेव्हा छोट्या गाड्यांची शर्यत संपायला आली होती. आणि पायऱ्या चढतानाच मी ऐकलं.

"हो सामोर! हो सामोर!"

लिम आंटी उभी राहून, टोपी हलवत, ट्रॅककडे पाहून ओरडत होती. मी नितीनकडे पाहिलं, नितीनने माझ्याकडे.

मी विचारलं, आंटी, हे काय म्हणताय? ती हसत म्हणाली, तुमच्या मित्राने शिकवलं ना आत्ता! फार मजेशीर माणूस आहे. म्हटलं, कोणता मित्र? तिने रिकाम्या सीटवर हात ठेवला. "दिस फ्रेंड. यू सेड ही नॉट कमिंग, बट ही केम!"

माझ्यातला तपासनीस लगेच जागा झाला. म्हटलं, कुणी नागपूरकर असणार. आपली माणसं काय, चंद्रावरही भेटतील आणि विचारतील, कोणत्या चौकात राहता. रिकामी सीट पाहून बसला असेल. मी तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, बिचाऱ्याला थंडी वाजत होती, हात काखेत घालून बसला होता. (त्या उकाड्यात! माझा शर्ट पिळला असता तर बादली भरली असती.) पायात चपला नव्हत्या. तिने त्याला पाण्याची बाटली दिली, तर नको म्हणाला.

"व्हाय?"

"ही सेड, नो वॉटर. डॉक्टर नो."

ऑपरेशनच्या आधी पाणी देत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच. तिचा नवरा तेव्हा स्वच्छतागृहात गेला होता, त्याने कुणालाच पाहिलं नव्हतं. म्हणजे साक्षीदार एकच. आम्ही स्वतः तिच्यासमोर कधी 'हो समोर' म्हटलं का, हे मी डोकं खाजवून आठवलं. शुक्रवारी-शनिवारी कानात बोळे घालून बसलो होतो, रविवारी कोणी ओरडायच्या मूडमध्ये नव्हतं. माझ्या आठवणीप्रमाणे तरी नाही. नितीन शपथेवर सांगतो, नाही.

नितीनने फोनमधला आम्हा तिघांचा फोटो उघडून तिच्यासमोर धरला. मी मुद्दाम म्हटलं, यातला कोण? तिने जराही न थांबता विलासवर बोट ठेवलं. "दिस वन. ही जस्ट लेफ्ट."

नितीनने त्या रिकाम्या सीटवर हात फिरवला. "तो गेला बे, मन्या... आपल्याले भेटाले आला होता. आपण इथं नव्हतो."

हे असलं काही मी मानत नाही. पण त्या क्षणी मी मानलं, अगदी पूर्ण मानलं. वहिनींना फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली. तोवर मुख्य शर्यतीच्या गाड्या रांगेत लागल्या, हजारो लोक उभे राहिले, कानठळ्या बसवणारा आवाज झाला, आणि ज्या क्षणासाठी आम्ही आयुष्यभर टीव्हीसमोर बसलो त्या क्षणी आम्ही दोघं मान खाली घालून एका फोनच्या काचेकडे बघत होतो. आंटीला काही कळत नव्हतं, पण ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

शर्यत बरीच झाल्यावर फोन वाजला. आवाजात काही ऐकू येईना, मी पळत पायऱ्यांखाली गेलो, एक कान दाबून धरला.

"भावजी, झालं! बाहेर आणलं त्याहिले. डॉक्टर म्हणतात, चांगलं झालं. मधी जरा जड गेलं म्हणे... पण झालं." आणि वहिनी रडायला लागल्या. मीही.

वर जाऊन नितीनला सांगितलं तर त्या पठ्ठ्याने मला उचललंच. मग आंटीला मिठी, तिच्या नवऱ्याला मिठी, मागच्या रांगेतल्या अनोळखी पोरांना उरलेली सगळी बर्फी. शर्यत कोण जिंकलं ते आम्हाला हॉटेलवर गेल्यावर कळलं. पण इतका आनंदाचा रविवार माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

नागपूरला आल्यावर ठरवलं होतं, विलासला हे सांगायचं नाही. नाजूक तब्येत, उगाच कशाला. तो घरी आला, आम्ही भेटायला गेलो. पलंगावर बसलेला, टाके ताणू नयेत म्हणून छातीशी उशी धरून. नितीनच्या पोटात गोष्ट किती वेळ राहणार? चहा यायच्या आत ओकला.

विलासने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, घाबरेल. तर साहेब चिडले!

"म्हणजे मी तिथं होतो? आणि मले काहीच आठवून नाही राहिलं? अबे, छोट्या गाड्याची पूर्ण शर्यत पाहिली म्या आणि डोक्यात कोरी पाटी! हे काय झालं बे!"

"ओरडू नका," वहिनी म्हणाल्या.

"लाव त्या बाईले फोन. मले इचारू दे, काय काय पाहिलं म्या."

आंटीचा नंबर होता माझ्याकडे. व्हिडिओ कॉल लागला. विलासचा चेहरा दिसताच ती आनंदाने ओरडली, जुन्या ओळखीच्या माणसाला पाहिल्यासारखी. विलासने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आधी हेच विचारलं की मी शेवटपर्यंत होतो का.

ती म्हणाली, नाही ना! दोनच लॅप राहिले होते. तू एकदम मागे वळून पाहिलंस. मी म्हटलं, थांब, आता तर मजा आहे. तू काही ऐकलं नाहीस. "यू सेड, वाइफ कॉलिंग. कॉलिंग माय नेम. फर्स्ट टाइम! यू वेअर लाफिंग सो मच." आणि म्हणे असा धावलास की मला बाय पण केलं नाहीस.

आम्ही सगळे दाराकडे पाहायला लागलो. आंटी तिकडून "हॅलो? हॅलो?" करत होती. मी तिचे आभार मानून फोन ठेवला.

वहिनी काटोलकडच्या खेड्यातल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून आम्ही नवऱ्याचं नाव कधी ऐकलं नव्हतं. 'अहो', 'हे', 'पिंकीचे बाबा', बस्स. आता त्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या आणि कपबशा वाजत होत्या. नितीनने उठून ट्रे घेतला.

"काय वं," विलास म्हणाला, "काय म्हणून राहिली ते बाई?"

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "एक सिस्टर पळत बाहेर आली, पुन्हा आत गेली. कोणी काही सांगेना. मंग मले राहवलं नाही. दाराशी जाऊन जोरात हाक मारली. नावानं. वापस ये म्हटलं. सगळे पाहाले लागले माह्याकडे... वॉचमननं हात धरून बसवलं."

"नावानं?"

"नावानं मंग! 'अहो' म्हटलं असतं तर तिथं सगळ्यायचेच नवरे होते!"

विलास उशी छातीशी दाबून हसत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. वहिनी त्याच्या शेजारी, पलंगाच्या कडेवर बसल्या. आमच्यासमोर त्या अशा कधी बसत नाहीत. आम्ही चहा तसाच ठेवून गॅलरीत गेलो.

तेव्हापासून मी ही केस पुन्हा पुन्हा तपासलीय. आंटीला खोटं बोलून काय मिळणार? आणि वहिनींची हाक, जी आम्हालाही ठाऊक नव्हती, ती मलेशियातल्या बाईला कशी ठाऊक? शिक्का मारायचा झाला तर माझ्याकडे शिक्काच नाही. तुमच्यापैकी कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनाने वाचेन.

विलासला मात्र स्पष्टीकरण नको आहे. तो रोज संध्याकाळी गॅरेजवरून आला की दारातच बूट काढत उभा राहतो, उगाच वेळ काढतो. आतून "अहो, आले का?" ऐकू आलं की म्हणतो, "नाही आलो अजून. नीट हाक मार."