कामिनी मॅडमची पडती अक्षरं

शहाद्याजवळच्या लोणखेड्याच्या एका कॉलेजात कामिनी पाटील सहा वर्षं कॉम्प्युटर शिकवत होती. मुलांना कोरडं शिकवलेलं आवडत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी तिने एका जुन्या इंग्रजी सिनेमात असतात तशी अक्षरं करायला घेतली. काळा पडदा आणि त्यावर वरून खाली घसरत येणाऱ्या हिरव्या अक्षरांच्या ओळी. सगळं ब्राउझरमध्ये, चार पानांच्या कोडमध्ये. फक्त अक्षरं आपली, देवनागरी.

पण पहिल्याच दिवशी गाडं अडलं. कोड शब्दाचे तुकडे करताना ‘कि’मधला ‘क’ वेगळा आणि वेलांटी वेगळी पाडत होता. अक्षराच्या जागी ठिपक्यांचा रिकामा गोल यायचा आणि सुट्या मात्रा त्याला लटकून खाली येत. कामिनी दोन दिवस डोकं आपटत बसली. ते कोडं सोडवलं दुसऱ्या वर्षाच्या रविनाने. ती डोंगरातल्या काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यातली, होस्टेलला राहणारी. बोलायची कमी. तिने मात्रेसकट अक्षर तोडायची युक्ती शोधली आणि एवढंच म्हणाली, “मॅडम, आता नाही तुटणार.”

अक्षरं नीट पडू लागली. तरी कामिनीला ती मिळमिळीत वाटली. मग तिने प्रत्येक अक्षर लुकलुकवलं, सेकंदाला दहा-बारा वेळा. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर ते झकास दिसलं.

संमेलनाच्या दिवशी भर दुपारी हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. पडदा भिंतभर होता. रविना पहिल्या रांगेत बसली होती. तिचंही काम होतं ना त्यात. अक्षरं सुरू झाली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. अर्धं मिनिट झालं असेल. रविनाची मान एका बाजूला वळली, हात ताठ झाले आणि ती खुर्चीवरून खाली पडली.

कुणी ओरडलं, कुणी चप्पल हुंगवायला धावलं. शिपाई लोटनने सगळ्यांना मागे रेटलं.

“चप्पल नका लावू! मन्हा भाऊले बी फीट येस. तिले कुशीवर करा. तोंडमा काहीच घालू नका!”

कामिनी मात्र कीबोर्डजवळ उभी होती. अक्षरं बंद करायचं बटण समोर होतं आणि तिला ते सापडत नव्हतं. शेवटी कुणीतरी प्रोजेक्टरची वायर उपटली.

शहाद्याच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “समोर काही लुकलुकत होतं का?”

“हो,” कामिनी म्हणाली. “मीच केलं होतं.”

डॉक्टर म्हणाले, आजार आधीपासून असणार, काही जणांना झपाट्याने लुकलुकणाऱ्या उजेडाने झटका येतो. प्राचार्य म्हणाले, तुमचा काय दोष. लोटनही तेच म्हणाला. पण कामिनीने घरी येऊन वाचलं, की सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काही ठेवू नये, असा वेबचा नियम आहे. ज्याला हलतं दृश्य सोसत नाही त्याच्यासाठी ते थांबवायची सोयही असते. दोन्ही गोष्टी अभ्यासाच्या पुस्तकात होत्या. सहा वर्षांत तिने ते प्रकरण कधी शिकवलं नव्हतं. परीक्षेला येत नाही म्हणून.

तीन आठवडे झाले तरी रविना आली नाही. एका रविवारी कामिनी शहाद्याहून बसने आणि पुढे जीपने तिच्या पाड्यावर गेली. वडील, करणसिंग, अंगणात खाट टाकून बसले होते. पाणी दिलं, बसा म्हणाले. बोलली ती आई, रमिलाबाई.

“लहान होती तेव्हापासून आहे. जीपमध्ये झाडांमधून ऊन असं ये-जा करतं ना, तेव्हा ही हरवून जायची. मी पदर टाकायची तिच्या डोळ्यांवर.”

“मग कॉलेजात सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर ठेवली असती का होस्टेलला?”

करणसिंग म्हणाले, “आम्ही लपवलं, ते आमचं चुकलं. पण मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना?”

रविना दारात उभी होती. गोळ्या सुरू झाल्यापासून सारखी झोप येते, म्हणाली. मग खालच्या आवाजात विचारलं, “मॅडम, माझे कपडे ओले झालेले सगळ्यांनी पाहिले ना?”

“मी ओढणी टाकली होती तुझ्यावर.”

“त्याच्या आधी. कुणी व्हिडिओ काढला?”

खोटं बोलणं सोपं होतं. “काढले होते. मी एकेकाचा फोन हातात घेऊन पुसायला लावले. बहुतेक गेले.”

“बहुतेक,” रविना म्हणाली आणि आत निघून गेली.

परीक्षेला मात्र ती आली. शेवटच्या बाकावर बसून पेपर लिहायची आणि कुणाशी न बोलता होस्टेलला जायची. कामिनी व्हरांड्यात दिसली तर मान हलवायची, तेवढंच. कामिनीने आता तो धडा वर्गात शिकवायला घेतला होता. फळ्यावर ‘सेकंदाला तीन’ लिहून ती खाली दोन रेघा ओढायची, आणि का ते मुलांना ठाऊक असायचं.

रविना चांगल्या मार्कांनी पास झाली आणि दाखला मागायला आली. शेवटचं वर्ष ती नंदुरबारच्या कॉलेजात करणार होती. कामिनीने अर्ज भरून दिला, सही केली. मग म्हणाली, “तिथल्या सरांना मी एक फोन करते. तुझ्या आजाराचं सांगून ठेवते.”

“नका करू.”

“रविना, उद्या त्यांनीही असंच काही दाखवलं तर?”

“तर मी डोळे झाकून बाहेर जाईन. आता मला माहीत आहे.” तिने अर्जाची घडी घातली. “सांगायचं तेव्हा मी सांगेन. एकदा तरी मीच सांगेन, मॅडम.”

कामिनीने फोन केला नाही. रविनाचं म्हणणं तिने पाळलं. पण पुढे कितीतरी दिवस नंदुरबारचा नंबर मोबाइलवर दिसला, की हातातलं काम टाकून ती पहिल्याच रिंगला उचलायची.