गाढवाला प्रपंच कळला

आमचं घराणं बेंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली. घरात आम्ही मराठी बोलायचो, शाळा मात्र कन्नड. त्यामुळे नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरवाले आले आणि मराठी मंडळाच्या हॉलमध्ये घडाघडा बोलायला लागले, तेव्हा माझी बोलतीच बंद झाली.

पण खुमखुमी दांडगी. गाढव झालेल्या माणसाची एक जुनी परदेशी कथा मी कन्नडमधून वाचली होती. तो दारोदार ओझी वाहतो, शहाण्यासुरत्या लोकांची ढोंगं बघतो, आणि आपण परत माणूस होणार की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. हसून पोट दुखतं आणि मध्येच काळजात चर्र होतं. ती मी मराठीत उतरवली. मंडळाच्या वार्षिक अंकात ती छापून यावी, एवढंच मला हवं होतं. संपादक बाई पुण्याच्या. म्हणाल्या, आधी सगळ्यांसमोर वाचून दाखवा, मग ठरवू. सरी, म्हटलं, म्हणजे आमच्या कन्नडात 'बरं'.

वाचताना मंडळी छान रंगली. शेवटचं वाक्य मी अगदी गंभीरपणे वाचलं, "हिंडून हिंडून गाढवाला प्रपंच कळला." आणि हॉलमध्ये असा हशा पिकला की विचारू नका. बायका नवऱ्यांना कोपरानं ढोसत होत्या. मला काही उमगेना. कन्नडमध्ये प्रपंच म्हणजे जग, आमच्या घरीही तेच. गाढवाला जग कळलं, यात हसण्यासारखं काय? शेजारच्या बाईंनी डोळे पुसत सांगितलं, "अहो, प्रपंच म्हणजे संसार. बायकोपोरं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला. तीनशे वर्षं आम्ही भाषा जपली, आणि काल आलेल्यांनी आम्हाला शिकवावी? यांचा तो बाब्या आणि आमचं ते कार्टं. मी कागद गोळा केले आणि संपादक बाईंना म्हटलं, "राहू द्या, छापू नका. नाहीतर निदान तो शब्द खोडते."

"खबरदार खोडलात तर," त्या म्हणाल्या. "जगही कळलं आणि संसारही, एका शब्दात. आम्हाला नसतं सुचलं हे. कथा घेतली मी." मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, "असे आणखी शब्द आहेत तुमच्याकडे?"

"आहेत की," मी म्हटलं. "घरभर आहेत."